पीएच.डी. करताना बाळंतपणाची रजा: अर्ज कधी, कुणाकडे आणि कोणत्या क्रमाने

गाइडनी तोंडी "हो, जा की" म्हटलं, म्हणजे रजा मिळाली असं समजून माहेरी गेलेल्या विद्यार्थिनीची अडचण लगेच दिसत नाही. ती वर्ष-दोन वर्षांनी कागदावर उघड होते. सहामाही प्रगती अहवाल गायब असतो, फेलोशिपच्या काही महिन्यांची वसुली निघते आणि प्रबंध सादर करायला गेल्यावर "तुमची सहा वर्षं संपली" असं उत्तर मिळतं. रजा खरोखर घेतलेली असते, पण विद्यापीठाच्या फाइलमध्ये तिचा एकही कागद नसतो.

हा लेख विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) पीएच.डी. विनियमांखाली येणाऱ्या विद्यापीठांतल्या संशोधक विद्यार्थिनींसाठी आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा गोवा, विद्यापीठ कुठलंही असो, कामाचा क्रम साधारण हाच. आयआयटी आणि आयसरसारख्या संस्थांचे स्वतःचे नियम असतात. तिथे आकडे संस्थेच्या नियमावलीतून घ्या, पायऱ्या मात्र याच वापरता येतील.

## १. आधी कोणता विनियम लागू आहे ते ठरवा

२०२२ चे पीएच.डी. विनियम ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाले. त्यानंतर नोंदणी झालेल्यांना ते लागू आहेत. नोंदणी त्याआधीची असेल, तर त्या काळात लागू असलेले म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत २०१६ चे विनियम चालतात. दोन्हींत मातृत्व आणि बालसंगोपन रजा मिळून जास्तीत जास्त २४० दिवस आहेत. फरक एका शब्दाचा आहे. २०१६ मध्ये ही रजा संपूर्ण कालावधीत "एकदा" असं म्हटलं होतं. २०२२ च्या मजकुरात "एकदा" नाही, संपूर्ण कालावधीत एकूण २४० दिवसांपर्यंत इतकंच आहे. म्हणून नव्या विनियमाखाली रजा दोन तुकड्यांत मागायला जागा आहे. तुमच्या विद्यापीठाने स्वतःच्या अध्यादेशात ती जागा ठेवली आहे का, हे मात्र अर्ज करण्यापूर्वी बघायला हवं.

रजेचं नाव "मातृत्व/बालसंगोपन" असं जोडून आलं आहे, हेही लक्षात असू द्या. बाळ नोंदणीच्या आधी जन्मलेलं असलं तरी बालसंगोपनाच्या नावाखाली अर्ज करता येतो. अनेकींना हे माहीतच नसतं.

आणि विनियमाची भाषा "देता येईल" अशी आहे. रजा आपोआप लागत नाही, ती मागावी लागते आणि कुणीतरी लेखी मंजूर करावी लागते. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

सावधान: अर्जात "२६ आठवडे" लिहू नका. तो आकडा नोकरदार महिलांच्या मातृत्व लाभाच्या तरतुदीचा आहे. फेलोशिप हा पगार नाही आणि विद्यार्थिनी कर्मचारी नाही, अशी हरकत घेऊन कारकून तो अर्ज पहिल्याच टेबलावरून परत करतो. तुमचा आधार पीएच.डी. विनियम, तेव्हा अर्जात त्याचंच वर्ष लिहा.

तपासा: नोंदणीपत्रावरची प्रवेशाची तारीख आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा पीएच.डी. अध्यादेश, दोन्हींची छापील प्रत हाताशी आहे ना?

## २. तीन मुदती वेगळ्या मांडा

गोंधळाचं मूळ इथे आहे. "रजा" हा शब्द एक असला तरी तीन वेगळ्या गोष्टी थांबवाव्या लागतात, आणि प्रत्येकीचं टेबल वेगळं.

पहिली, नोंदणीची मुदत. २०२२ च्या विनियमाप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, प्रवेशाच्या तारखेपासून. पुढे पुनर्नोंदणीने जास्तीत जास्त दोन वर्षं. महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत देता येते, एकूण दहाच्या वर नाही. २४० दिवसांची रजा आणि ही दोन वर्षांची सवलत या दोन निराळ्या तरतुदी आहेत. एक घेतली म्हणून दुसरी संपत नाही. पण रजेचे दिवस सहा वर्षांतून वगळायचे की नाही, हे विनियमात स्पष्ट लिहिलेलं नाही. म्हणूनच ते अर्जात स्पष्ट मागायचं.

दुसरी, फेलोशिप. इथे वेगळाच आकडा येतो. केंद्रीय फेलोशिपच्या अटींत साधारणपणे "भारत सरकारच्या नियमांप्रमाणे मातृत्व रजा" असे शब्द असतात. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या प्रकल्पांवरच्या जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो), एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलो) आणि रिसर्च असोसिएट यांनाही हेच लागू आहे. भारत सरकारचा नियम म्हणजे केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम १९७२: दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर १८० दिवस. म्हणजे विद्यापीठाने २४० दिवस मंजूर केले तरी पूर्ण दराने फेलोशिप १८० दिवसांचीच, असं धरून हिशोब करा. उरलेल्या ६० दिवसांचं काय, ते निधी देणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या. एसआरएफचा दर महिना ४२,००० रुपये धरला, तर प्रश्न सुमारे ८४,००० रुपयांचा आहे. जेआरएफच्या ३७,००० च्या दराने तो ७४,००० च्या आसपास जातो.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या अटी ज्या त्या संस्थेच्या असतात. मैत्रिणीला बार्टीकडून जे मिळालं ते सारथीकडून मिळेलच असं नाही. तुमच्या निवडपत्रासोबत आलेली नियमावली वाचा, त्यात रजेचं कलम सापडलं नाही तर संस्थेला ईमेल करून लेखी उत्तर मागा.

तिसरी, अभ्यासक्रम आणि समितीची सादरीकरणं. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे (आरएसी) प्रगती मांडायची असते. रजेत एक-दोन बैठका पडणारच. कोर्सवर्क चालू असेल तर हजेरी आणि परीक्षाही मध्ये येतात. कोर्सवर्कला किमान ५५ टक्के गुण लागतात, तेव्हा नवव्या महिन्यात कशीबशी परीक्षा देण्यापेक्षा पुढच्या सत्राची लेखी परवानगी घेणं केव्हाही शहाणपणाचं.

अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापिकांची एक चूक नेहमीची. महाविद्यालयाने प्रसूती रजा मंजूर केली की पीएच.डी.लाही रजा लागली, असं त्या धरून चालतात. महाविद्यालयाची रजा नोकरीपुरती. पीएच.डी.साठी संशोधन केंद्रामार्फत स्वतंत्र अर्ज लागतो, आणि मालकाच्या रजा-आदेशाची प्रत त्याला जोडायची.

## ३. प्रयोगशाळेतलं काम आधी बदला, रजेचा अर्ज नंतर

तिसरा महिना उलटल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असं आपल्याकडे घरोघरी पाळतात. अडचण अशी की बाळाचे अवयव घडतात ते याच आठवड्यांत. रसायनं, किरणं किंवा जंतू यांचा धोका तेव्हा सर्वांत जास्त असतो. सगळ्या लॅबला सांगायची गरज नाही. गाइडना आणि लागेल तिथे सुरक्षा अधिकाऱ्यांना दोन ओळींचा गोपनीय ईमेल पुरतो: "वैद्यकीय कारणामुळे पुढील सूचनेपर्यंत खालील पदार्थांसोबत काम करू शकत नाही."

आता यादी कशी करायची ते. तुमच्या बेंचवरच्या प्रत्येक बाटलीची सुरक्षा माहितीपत्रिका (एसडीएस) काढा. दुसऱ्या भागात धोक्याचे संकेतांक असतात. एच ३६० म्हणजे प्रजननक्षमतेला किंवा गर्भाला हानी होऊ शकते. एच ३६१ म्हणजे तशी शंका आहे. एच ३४० आणि ३४१ जनुकीय दोषांचे. एच ३६२ स्तनपान करणाऱ्या बाळासाठी, म्हणजे तो रुजू झाल्यानंतरही लागू राहतो. अकरावा भाग विषशास्त्राचा, तोही चाळा.

नेहमी सापडणारी नावं: डायमिथाइलफॉर्मामाइड (डीएमएफ), एनएमपी, फॉर्मामाइड, २-मेथॉक्सीइथेनॉल, टोल्युइन, शिसं आणि पाऱ्याची संयुगं, अॅक्रिलामाइडची पावडर, इथिडियम ब्रोमाइड, कोल्चिसिन, मेथोट्रेक्सेटसारखी पेशीनाशक औषधं. प्राणिगृहात आयसोफ्लुरेनसारखे भूल देणारे वायू. जंतूंमध्ये टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, ब्रुसेला, रुबेला, सायटोमेगॅलो विषाणू. ब्रुसेलाची आठवण पशुवैद्यक आणि दुग्धशास्त्राच्या मुलींनी विशेष ठेवावी.

"हातमोजे घालते की मी" हे उत्तर पुरेसं नाही. डीएमएफ नेहमीच्या पातळ नायट्राइल हातमोज्यांतून काही मिनिटांत आरपार जातं. पदार्थ बदलणं (इथिडियम ब्रोमाइडऐवजी सायबर सेफ हा रंग), ते काम दुसऱ्याकडे देणं किंवा तो प्रयोग पुढे ढकलणं, पर्याय याच क्रमाने तपासा.

किरणोत्सारी पदार्थ किंवा एक्स-रे उपकरणावर काम असेल, तर विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा. गर्भारपण कळवल्यापासून पुढच्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलीसीव्हर्टपेक्षा जास्त होऊ नये, अशी आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय समितीची शिफारस आहे. न कळवता नुसता मात्रा मोजणारा बॅज लावून काम चालू ठेवलं, तर ही जादा काळजी सुरूच होत नाही. कारण ती तुमच्या कळवण्यापासून लागू होते.

इतिहास, समाजशास्त्र, भाषा या विषयांत धोका प्रवासाचा. क्षेत्रकार्याचे दौरे पहिल्या तीन महिन्यांतून आणि शेवटच्या दोन महिन्यांतून काढून मधल्या काळात बसवा.

तपासा: बदललेल्या कामाबद्दल गाइडकडून "ठीक आहे" इतकं तरी लेखी उत्तर आलं का? पुढे प्रगती कमी दिसली तर कारण म्हणून हाच ईमेल दाखवता येतो.

## ४. तारखा मोजा, अंदाज लिहू नका

डॉक्टर प्रसूतीची अपेक्षित तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. सोनोग्राफीनंतर ती थोडी बदलू शकते. अर्जात सोनोग्राफीनंतरचीच तारीख घाला. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की फाइल "खुलासा मागवला" या शेऱ्याखाली अडकते.

एक उदाहरण. अपेक्षित तारीख १० ऑक्टोबर २०२६. रजा चार आठवडे आधी, १२ सप्टेंबर २०२६ पासून. दिवस सलग मोजायचे, रविवार आणि सणांसकट.

- १८० वा दिवस: १० मार्च २०२७. फेलोशिपची रजा इथे संपते.
- २४० वा दिवस: ९ मे २०२७, रविवार.
- रुजू होण्याची तारीख: सोमवार, १० मे २०२७.

या विद्यार्थिनीचा प्रवेश १६ जानेवारी २०२४ चा असेल, तर सहा वर्षं १५ जानेवारी २०३० ला संपतात. रजेचे २४० दिवस वगळले तर ती मुदत १२ सप्टेंबर २०३० होते. ही शेवटची तारीख अर्जात लिहायची. "मुदतवाढ मिळावी" अशा मोघम वाक्यावर आदेशही मोघमच निघतो, आणि पाच वर्षांनी त्या टेबलावर दुसरंच माणूस बसलेलं असतं.

रजा किती आधी सुरू करावी? कागदावर पाहिलं तर उशिरा सुरू केलेली बरी, बाळासोबत दिवस जास्त मिळतात. पण रक्तदाब, जुळी किंवा आधीचं सिझेरियन असेल तर डॉक्टरांचं ऐका. त्यांच्या चिठ्ठीवर विश्रांतीची तारीख लिहून घ्या. रजा त्या तारखेपासून.

## ५. कागद

नोंदणीपत्र, फेलोशिपचं निवडपत्र, मागच्या आरएसीचं इतिवृत्त, फीची शेवटची पावती, अपेक्षित तारीख लिहिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र. सरकारी दवाखान्यात नाव घातलं असेल तर माता-बाल संरक्षण कार्डाची प्रतही जोडा.

प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. माहेरी बाळंतपण असेल तर दोन डॉक्टर येतात, एक विद्यापीठाच्या गावचे, एक माहेरचे. अर्जाला पहिल्याचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड दुसऱ्याचं. यात गैर काही नाही, फक्त नाव दोन्हीकडे एकच असू द्या. नोंदणीवर माहेरचं आडनाव आणि दवाखान्यात सासरचं, हा घोळ इतका सर्रास आहे की तो दवाखान्यात पहिलं नाव घालतानाच मिटवलेला बरा. राहिलाच, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा.

सोनोग्राफीचे रिपोर्ट जोडायची गरज नसते. जितकं मागितलं तितकंच द्या. तुमची वैद्यकीय फाइल विभागातल्या चार टेबलांवरून फिरायला नको.

## ६. अर्ज: एक नव्हे, दोन

वेळ: रजेच्या किमान आठ ते दहा आठवडे आधी. विद्यापीठात अर्ज गाइड, संशोधन केंद्राचे प्रमुख, आरएसी आणि मग पीएच.डी. विभाग असा जातो, आणि मध्ये दिवाळी किंवा परीक्षांचा हंगाम आला तर एकेका टेबलावर पंधरा दिवस सहज जातात.

पहिला अर्ज विद्यापीठाला, नोंदणी आणि सादरीकरणांसाठी. मजकूर असा ठेवता येईल:

"मी आपल्या संशोधन केंद्रात (विषय) या विषयात पीएच.डी. करत असून माझा प्रवेश दि. … चा आहे. माझी प्रसूतीची अपेक्षित तारीख … आहे. यूजीसी पीएच.डी. विनियम २०२२ मधील तरतुदीनुसार मला दि. … ते दि. … या कालावधीत २४० दिवसांची मातृत्व/बालसंगोपन रजा मंजूर करावी. सदर कालावधी पीएच.डी.च्या कमाल मुदतीतून वगळून माझी मुदत दि. … पर्यंत असल्याची नोंद घ्यावी. रजेच्या काळातील आरएसी सादरीकरणातून सूट द्यावी अथवा ते ऑनलाइन घेण्यास परवानगी द्यावी. मंजुरीचा लेखी आदेश मिळावा, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. आदेश मागितला नाही तर फाइलवर "मान्य" अशी सही होते, फाइल कपाटात जाते आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही.

दुसरा अर्ज फेलोशिपसाठी, निधी देणाऱ्या संस्थेच्या नावाने, पण विद्यापीठामार्फत. त्यात फक्त १८० दिवस, फेलोशिपच्या अटीतलं कलम आणि विद्यापीठाच्या रजा-आदेशाची प्रत. क्रम महत्त्वाचा: आधी विद्यापीठाचा आदेश, मग हा अर्ज. उलट केलं तर संस्था "विद्यापीठाची मंजुरी जोडा" म्हणून परत पाठवते आणि महिना जातो.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवून जा, सांगते मॅडमना" यावर निघून येऊ नका. त्याच दिवशी स्कॅन करून ईमेलही पाठवा.

सावधान: आरएसीच्या इतिवृत्तात रजेची नोंद झाली पाहिजे. गाइडची शिफारस वेगळी, समितीची नोंद वेगळी. पुढे मुदतीचा वाद झाला की पीएच.डी. विभाग इतिवृत्त काढून बघतो.

## ७. जाण्याआधीचा महिना

आदेश हातात आला की सत्राचा प्रगती अहवाल जाण्यापूर्वीच सादर करा, तारीख महिनाभर पुढे असली तरी. जेआरएफची दोन वर्षं रजेच्या काळात पूर्ण होत असतील, तर एसआरएफसाठीच्या मूल्यमापनाची बैठक आधी लावता येते का ते विचारा. नाहीतर ४२,००० चा दर लागू व्हायला उगीच महिने लागतात.

यूजीसीच्या फेलोशिपची रक्कम विद्यापीठाने दरमहा पोर्टलवर पुष्टी केल्यावरच सुटते. हे काम करणाऱ्या लिपिकाला (बोलीत "मेकर") रजेच्या आदेशाची प्रत स्वतः नेऊन द्या. तिच्या यादीत तुम्ही "अनुपस्थित" दिसलात तर पैसे थांबतात, आणि थांबलेले पैसे सुरू करून घेणं हे रजा मिळवण्याहून कटकटीचं काम.

वार्षिक फी रजेत थांबत नाही, असंच धरा आणि भरून जा. वसतिगृहाची खोली सोडायची की ठेवायची, ते लेखी कळवा. खोली सोडली म्हणून घरभाडे भत्ता आपोआप लागत नाही, त्यासाठी वसतिगृह सोडल्याचा दाखला आणि वेगळा अर्ज करावा लागतो.

प्रयोगाचं हस्तांतर एका पानात मावलं पाहिजे: उणे ८० च्या फ्रीजरमध्ये कोणत्या रॅकवर काय आहे, कोणते संवर्ध जिवंत ठेवायचे आणि किती दिवसांनी बदलायचे, डेटा कुठे आहे, पासवर्ड कुणाकडे. प्राणी किंवा मानवी सहभाग असेल तर नैतिकता समितीच्या मंजुरीची मुदत बघा. ती रजेत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आताच द्या. मंजुरी नसलेल्या काळात सहकाऱ्याने गोळा केलेला डेटा प्रबंधात वापरता येत नाही. नमुन्यांच्या डब्यांवर नाव, तारीख आणि "फेकू नये" लिहा. फ्रीजर साफ करायची लहर लॅबला नेमकी अशाच वेळी येते.

## ८. रजेत

करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच. रजा सुरू होण्याआधीच बाळंतपण झालं, तर त्याच आठवड्यात ईमेल करून रजा प्रसूतीच्या दिवसापासून मागा आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. मोठे दवाखाने ती स्वतः पाठवतात, तरी पोच विचारून घ्या, कारण जन्मदाखला रुजू होताना लागतो.

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. फेलोशिप नसलेल्या, पात्रतेत बसणाऱ्या मुलींनी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे गरोदरपणातच नाव घालावं. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसह, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. विद्यार्थी गटविम्यात प्रसूती धरलेली असेलच असं समजू नका, पॉलिसी वाचा.

आणि काम? गाइडनी पेपरची दुरुस्ती मागितली तर करायची की नाही, हा निर्णय तुमचा. पण रजेच्या तारखांत प्रयोगवहीत नोंद, उपकरणाचं बुकिंग किंवा हजेरीची सही नको. कागदावर तुम्ही एकाच दिवशी रजेवर आणि लॅबमध्ये दिसलात, तर मुदतीतून ते दिवस वगळण्याची मागणी कच्ची पडते.

गर्भपात किंवा मृतजन्म झाला तर रजा संपली असं मानू नका. केंद्राच्या नियमांत गर्भपातासाठी संपूर्ण सेवेत ४५ दिवस आहेत. मृतजन्म किंवा जन्मानंतर लगेच बाळ दगावल्यास ६० दिवसांच्या विशेष रजेचे निर्देश २ सप्टेंबर २०२२ चे आहेत. फेलोशिपच्या अटीत "भारत सरकारच्या नियमांप्रमाणे" असेल तर त्याच आधारावर मागा. हा अर्ज नवऱ्याने किंवा मैत्रिणीने नेऊन दिला तरी चालतो, सही तुमची हवी.

एक वर्षाच्या आतलं बाळ दत्तक घेतल्यास केंद्राच्या नियमांत १८० दिवस आहेत. संशोधक वडिलांसाठी पीएच.डी. विनियमात काही नाही. फेलोशिपची अट लागू होत असेल तर १५ दिवसांची पितृत्व रजा मागता येते. ती प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून ते नंतर सहा महिन्यांपर्यंतच घ्यायची, पुढे ती बुडते.

## ९. रुजू होताना

ठरलेल्या दिवशी, त्याच दिवशी, रुजू अहवाल द्या. सोबत फिटनेस प्रमाणपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत. प्रती तीन: संशोधन केंद्र, पीएच.डी. विभाग, फेलोशिप कक्ष. चौथी तुमची, आवक क्रमांकासह. हा अहवाल आठवडाभर लांबला तर तो आठवडा विनापरवानगी गैरहजेरी ठरतो, आणि बहुतेक वसुल्या अशाच चार-सहा दिवसांच्या निघतात.

पहिल्या पंधरा दिवसांत आरएसीची बैठक मागा. प्रगती दाखवायची नसते, नवं वेळापत्रक इतिवृत्तात आणायचं असतं. बैठकीनंतर पीएच.डी. विभागाकडून सुधारित अंतिम मुदतीचं पत्र घ्या. आदेशात तारीख नसेल, तर ती मिळवायची हीच वेळ.

अंगावर पाजत असाल तर एच ३६२ ची यादी पुन्हा काढा आणि बेंचवर बसण्याआधी ती गाइडना द्या. दूध काढायला कडी लावता येईल अशी खोली आणि फ्रीज लागतो. रसायनांचा किंवा नमुन्यांचा फ्रीज यासाठी कधीही वापरायचा नाही, वरचा कप्पा रिकामा असला तरी.

लग्न किंवा बदलीमुळे गाव सोडावं लागत असेल, तर महिला संशोधकांना संशोधनाचा डेटा दुसऱ्या संस्थेत नेण्याची तरतूद विनियमात आहे. मात्र काम निधीच्या प्रकल्पाचं असेल तर ती लागू होत नाही, आणि झालेल्या कामाचं श्रेय मूळ संस्थेला आणि मार्गदर्शकांना द्यावं लागतं.

## १०. अर्ज अडला तर

तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. "माझा दि. … चा अर्ज, आवक क्रमांक …, त्यावरील निर्णय लेखी कळवावा" असं एका ओळीचं स्मरणपत्र द्या. तोंडी नकार देणारा माणूस लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळदा फाइल पुढे सरकवतो.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार समितीने तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तिथून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे. तक्रारीला जोडायचं ते इतकंच: अर्जाची शिक्का मारलेली प्रत, स्मरणपत्र, विनियमातलं संबंधित पान. गाइडच्या स्वभावाबद्दल दोन पानं लिहिली तर समिती त्यातच अडकते आणि रजेचा मुद्दा बाजूला राहतो.

गर्भारपणावरून अश्लील शेरे किंवा छळ होत असेल तर तो विषय वेगळा, त्यासाठी अंतर्गत तक्रार समिती आहे. दोन्ही तक्रारी एका अर्जात घालू नका. फाइल कुठे अडली तेच कळत नसेल तर माहिती अधिकारात "माझ्या अर्जावरील टिप्पणी-पत्रांची प्रत" मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते.

पदव्युत्तर वर्गातल्या, म्हणजे एम.ए., एम.एस्सी.च्या मुलींना २४० दिवसांचं हे कलम लागू नाही. पण १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राने यूजीसीने विद्यापीठांना विद्यार्थिनींच्या मातृत्व रजेसाठी, हजेरीतल्या सवलतीसाठी आणि परीक्षा अर्जाच्या मुदतवाढीसाठी नियम करायला सांगितलं आहे. अर्जात त्या पत्राची तारीख लिहा आणि विद्यापीठाने त्यावरून काढलेल्या परिपत्रकाचा क्रमांक विचारा. परिपत्रक निघालंच नसेल तर तसं लेखी मागा आणि ते उत्तर तक्रारीला जोडा.